विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्याचा ग्रंथखर्च

महाविद्यालयाच्या विज्ञानशाखेत मुलाचे वा मुलीचे नाव दाखल करून आणि शुल्काची पावती खिशात घालून पालक घरी परततो, तेव्हा त्या वर्षीच्या शिक्षणखर्चाचा मोठा भाग एकदाचा भागला अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. परंतु पुढल्या पंधरवड्यात पाठ्यपुस्तके, प्रयोगपुस्तिका, जर्नल, आलेखवह्या, अ‍ॅप्रन आणि झेरॉक्स अशा, एकेकट्या पाहिल्या तर क्षुल्लक वाटणाऱ्या रकमांची जी रीघ लागते, तिची बेरीज कोणत्याही माहितीपत्रकात छापलेली नसते, आणि म्हणूनच ती कोणाच्या अंदाजपत्रकातही धरलेली नसते. हा खर्च कमी कसा करावा, यावर सल्ला देणाऱ्यांची वाण नाही. पण ‘जुनी पुस्तके घ्या’ आणि ‘ग्रंथालयात जा’ या दोन वाक्यांपलीकडे तो सल्ला सहसा जात नाही. खर्च नेमका कोठे होतो आणि कोणामुळे होतो, याची खातेफोड केल्याखेरीज काटकसरीचा विचार पुरा होणार नाही, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

खातेफोड करू लागले म्हणजे प्रथम दिसते ते हे, की ज्याला आपण सरसकट पाठ्यपुस्तक म्हणतो त्यात दोन अगदी भिन्न जातींचा माल मिसळलेला असतो. हॅलिडे आणि रेस्निक यांचे भौतिकी, मॉरिसन आणि बॉइड यांचे कार्बनी रसायन, अ‍ॅटकिन्सचे भौत रसायन हे प्रमाणग्रंथ. ते कोणत्याही एका विद्यापीठाचे नव्हेत. दुसरी जात म्हणजे विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाबरहुकूम, एकेका सत्राच्या एकेका प्रश्नपत्रिकेसाठी पुण्यात, कोल्हापुरात, नागपुरात छापली जाणारी पुस्तके, ज्यांची प्रकरणे अभ्यासक्रमपत्रिकेतील मुद्द्यांच्या क्रमाने चालतात आणि ज्यांचा अखेरचा भाग संभाव्य प्रश्नांनी भरलेला असतो. या दोहोंच्या जोडीला प्रयोगपुस्तिका आणि जर्नल. या तिघांची किंमत ठरण्याची रीत निराळी, आयुष्य निराळे, आणि काटकसरीचा मार्गही निराळा.

प्रमाणग्रंथांपुरते बोलायचे तर भारतीय विद्यार्थ्याचे नशीब गेल्या साठ वर्षांत बरेच उजवे राहिले आहे, आणि त्याला कारण आपले कर्तृत्व कमी आणि परराष्ट्रांचे राजकारण अधिक. १९६०च्या सुमारास ब्रिटिश सरकारने आपल्या तिजोरीतून भर घालून ई. एल. बी. एस. या नावाने स्वस्त आवृत्त्या काढावयास आरंभ केला. फिनारचे कार्बनी रसायन आणि व्होगेलचे प्रायोगिक रसायन आपल्याकडील दोन पिढ्यांनी त्याच आवृत्त्यांतून वाचले. अमेरिकेनेही मागे राहणे शक्य नव्हते. ज्या पी. एल. ४८० कायद्याखाली आलेल्या गव्हाची आणि रेशनच्या रांगेतल्या मिलोची आठवण महाराष्ट्रातील जुनी माणसे अजून तोंड वाकडे करून काढतात, त्याच कायद्यापोटी अमेरिकेच्या खाती भारतात साठलेल्या रुपयांतून अमेरिकन पाठ्यपुस्तकांचे स्वस्त भारतीय पुनर्मुद्रण झाले. सोव्हिएत रशियाने तर या चढाओढीत दोघांनाही मागे टाकले. मॉस्कोच्या मीर प्रकाशनाची जाड बांधणीची पुस्तके, इरोदोव्हचा उदाहरणसंग्रह, पिस्कुनोव्हचे कलनशास्त्र, मुंबईत लोकवाङ्मय गृहात आणि ठिकठिकाणच्या प्रदर्शनांत अशा किमतीला मिळत, की चहाचा खर्च वाचवून विद्यार्थ्याने ती घ्यावीत. १९९१ साली सोव्हिएत संघ विलयास गेला आणि तो ओघ आटला, ई. एल. बी. एस.ची योजनाही त्याच दशकात बंद झाली.

तोपर्यंत मात्र येथे प्रकाशकांनी एक वहिवाट पाडली होती, ती टिकली. प्रेन्टिस-हॉल ऑफ इंडियाने १९६३पासून ‘ईस्टर्न इकॉनॉमी’ आवृत्त्या काढल्या, आणि पुढे टाटा मॅग्रॉ-हिल, वायली ईस्टर्न आदींनी तोच कित्ता गिरवला. कागद हलका, बांधणी कच्ची, चित्रे बहुधा काळीपांढरी, आणि मुखपृष्ठावर किंवा आतल्या पानावर हे पुस्तक अमुक देशांबाहेर विकू नये असा हुकूम. या हुकमाची गोष्ट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. सुपाप किर्टसेंग नावाचा थायलंडचा एक विद्यार्थी अमेरिकेत शिकावयास गेला असता, त्याने घरच्या मंडळींकरवी मायदेशातून वायली प्रकाशनाची तीच पुस्तके आशियाई किमतीत मागवून तेथे विकली. प्रकाशकाने खटला भरला, आणि २०१३ साली न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्या विद्यार्थ्याच्या बाजूने कौल दिला. त्या धंद्याला मुळात जागा होती, कारण अमेरिकेत पाठ्यपुस्तकांच्या किमती, तेथील कामगार सांख्यिकी कार्यालयाच्याच हिशेबाप्रमाणे, २००६ ते २०१६ या दशकात सुमारे ८८ टक्क्यांनी चढल्या होत्या. आपल्याकडील पालकाने हा तपशील ध्यानात ठेवावा, तो एवढ्यासाठी, की परदेशी लेखकाचा जाडजूड ग्रंथ पाहून तो जितका दचकतो तितके दचकण्याचे कारण नसते.

किंबहुना, अशा ग्रंथाची झेरॉक्स काढणे हीच अनेकदा उधळपट्टी ठरते. हॅलिडे-रेस्निकच्या हल्लीच्या आवृत्तीची पाने तेराशेच्या घरात जातात. पानाला एक रुपया धरला, वर बांधणी धरली, तर होणारी रक्कम भारतीय आवृत्तीच्या किमतीला गाठते किंवा ओलांडते, आणि हाती येतो तो पुसट आकृत्यांचा, पुढे कोणी विकत न घेणारा एक गठ्ठा. तरीही विद्यार्थी झेरॉक्सच्या दुकानासमोर उभे असतात, कारण त्यांना ग्रंथ नको असतो, तीन प्रकरणे हवी असतात. आणि त्या गरजेला कायद्यानेही मान्यता दिली आहे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठावर आणि त्याच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसेस या दुकानावर २०१२ साली दावा लावला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६मध्ये तो फेटाळला, द्विसदस्य पीठाने डिसेंबरात प्रकरण पुन्हा खाली पाठवताना प्रताधिकार अधिनियम, १९५७च्या कलम ५२ मधील शिक्षणविषयक अपवादाचा उदार अर्थ कायम ठेवला, आणि २०१७च्या मार्चमध्ये प्रकाशकांनी आपण होऊन दावा मागे घेतला. अध्यापनाला लागेल तेवढा मजकूर एकत्र करून विद्यार्थ्यांना नकला देता येतात, असा त्याचा मथितार्थ. अख्खे पुस्तक छापून विकण्याची ती सनद नव्हे, हेही सांगितले पाहिजे, कारण पदपथावर खोट्या छपाईची पुस्तके विकणारे इसम तिचा आधार घ्यावयास कमी करणार नाहीत.

मग खर्च होतो कोठे? तो होतो दुसऱ्या जातीच्या पुस्तकांत, आणि त्याचे मूळ प्रकाशकाच्या लोभापेक्षा विद्यापीठाच्या दप्तरात अधिक आहे. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या दुकानी जाऊन विज्ञानाचे पुस्तक मागितले, तर विक्रेता विषय विचारण्याआधी ‘पॅटर्न कोणता?’ म्हणून विचारतो, आणि गठ्ठ्यातून काढलेल्या प्रतीचे मुखपृष्ठ न पाहता थेट आतल्या पानावर ‘२०१९ पॅटर्न’ की ‘२०२४ पॅटर्न’ ते पाहून ती पुढे करतो किंवा बाजूला सारतो. बाजूला सारलेली प्रत रद्दी होते. तिच्यातला ऊष्मागतिकीचा दुसरा नियम अर्थातच बदललेला नसतो. बदललेला असतो तो प्रश्नपत्रिकेचा सांकेतिक क्रमांक, घटकांचा क्रम आणि श्रेयांकांची विभागणी. पूर्वी थोरल्या बहिणीचे पुस्तक धाकट्या भावाला आणि त्याचे शेजारच्या मुलाला जाई. वर्षाची सत्रे झाल्यापासून पुस्तकाचे आयुष्य चार महिन्यांवर आले, राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रमांची फेरमांडणी झाली, आणि स्वायत्त महाविद्यालयांचे अभ्यासक्रम स्वतंत्र झाल्यामुळे एकाच शहरातील दोन महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांमध्येही पुस्तकांची देवघेव अवघड झाली. मुंबईत माटुंग्याच्या किंग्ज सर्कलपाशी किंवा फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर जुनी पुस्तके विकणाऱ्यांचा धंदा ज्या साखळीवर चालत असे, तिच्या कड्या या फेरफारांनी निखळल्या. अभ्यासक्रम बदलूच नये, असे म्हणण्याचा हेतू नाही. पण तो बदलताना जुन्या आणि नव्या घटकांचे तुलनात्मक कोष्टक प्रसिद्ध करण्याची तसदी अभ्यासमंडळांनी घेतली, तर रद्दीत जाणारी निम्मी पुस्तके आणखी एक वर्ष वाचली जातील. हे काम एका दुपारचे आहे आणि त्याला कोणाच्या मंजुरीची गरज नाही.

अभ्यासक्रमाबरहुकूम लिहिलेल्या पुस्तकांना आणि गाइडांना नावे ठेवण्याची आपल्या विद्वज्जनांत एक रीत आहे. ती मला पटत नाही. मराठी माध्यमातून बारावीपर्यंत आलेला विद्यार्थी पदवीच्या पहिल्या वर्षी एकाएकी संपूर्ण इंग्रजीत शिकू लागतो, तेव्हा त्याला प्रमाणग्रंथातील भौतिकीपेक्षा तेथील वाक्यरचना अधिक छळते, आणि गाइडाची किंमत ही एका अर्थी भाषेची अडचण ओलांडण्याचा जकातीसारखा आकार असतो. १९६८च्या सुमारास केंद्र सरकारने विद्यापीठीय ग्रंथ भारतीय भाषांत व्हावेत म्हणून राज्यांना प्रत्येकी एक कोटी रुपयांची तरतूद करून दिली होती, आणि नागपुरात महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथ निर्मिती मंडळाने त्यातून मराठीत विज्ञानाचे ग्रंथ काढलेही. परंतु अध्यापन इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत आणि ग्रंथ मराठीत, अशा स्थितीत ते कपाटांत राहिले. २०२४ साली पाच वर्षांत बावीस हजार पुस्तके भारतीय भाषांत आणण्याचा ‘अस्मिता’ हा नवा प्रकल्प जाहीर झाला आहे. त्याचे काय होते ते दिसेलच. तूर्त, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली सुरू झालेला मराठी विश्वकोश महाजालावर विनामूल्य खुला आहे, आणि ध्रुवण, विद्राव्यता, पेशीविभाजन अशा विषयांवरील त्यातील नोंदी इंग्रजी प्रकरण वाचण्यापूर्वी वाचल्या, तर पहिल्या सत्रापुरते एखादे गाइड सहज वाचते.

आता जुन्या आवृत्तीचा प्रश्न. नवी आवृत्ती निघाली म्हणजे जुनी निरुपयोगी झाली, हा समज विक्रेत्यांच्या सोयीचा आहे. पदवीच्या पातळीवरील भौतिकी, गणित आणि बहुतांश रसायन यांत दहा-पंधरा वर्षांत जे बदलते ते बोटांवर मोजता येते: २० मे २०१९पासून किलोग्रॅमची व्याख्या पॅरिसजवळ जपलेल्या धातूच्या ठोकळ्यावरून निघून प्लांक स्थिरांकावर आली आणि अ‍ॅव्होगाड्रो स्थिरांकाचे मूल्य व्याख्येनेच निश्चित झाले, २०१६च्या नोव्हेंबरात ११३, ११५, ११७ आणि ११८ या मूलद्रव्यांना नावे मिळून आवर्तसारणीची सातवी ओळ भरली. हे बदल पेन्सिलीने समासात लिहून घेण्याजोगे आहेत. खरा फेरफार असतो तो उदाहरणांच्या क्रमांकांत, आणि गृहपाठाला ‘प्रकरण सहा, उदाहरण चौदा’ असे सांगणाऱ्या प्राध्यापकांनी उदाहरण फळ्यावर लिहून दिले की तोही प्रश्न मिटतो. जीवशास्त्राची गोष्ट मात्र वेगळी. २०१२नंतर क्रिस्पर तंत्राने जनुकसंपादनाचे चित्रच पालटले. आण्विक जीवशास्त्राचे त्याआधीचे पुस्तक स्वस्तात मिळाले तरी तेवढ्यावर विसंबून राहता येणार नाही.

प्रयोगपुस्तिकेकडे वळताच हा सारा हिशेब उलटतो. पाठ्यपुस्तक जुने चालते. प्रयोगपुस्तिका जुनी चालत नाही, आणि क्वचित ती घातकही असते. रसायनाच्या जुन्या पुस्तिका पिपेटमध्ये द्राव तोंडाने ओढून घ्यावयास सांगतात, विद्रावक म्हणून बेंझीन निःशंकपणे सुचवतात, काचपात्रे क्रोमिक आम्लाने धुवावयास लावतात आणि बर्नरवर अ‍ॅस्बेस्टॉसची जाळी ठेवतात. बेंझीन, षट्संयुजी क्रोमियम आणि अ‍ॅस्बेस्टॉस ही तिन्ही कर्करोगकारक आहेत, आणि तोंडाने पिपेट भरण्यास आज कोणतीही शहाणी प्रयोगशाळा परवानगी देणार नाही. प्राणिशास्त्राच्या जुन्या पुस्तिकांची निम्मी पाने विच्छेदनाची असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली महाविद्यालयांतील प्राणिविच्छेदन बंद करण्यास सांगितल्यानंतर ती पाने आणि त्यांसाठी विकत घेतली जाणारी विच्छेदनपेटी, दोन्ही निष्प्रयोजन झाली आहेत. तरीही ती पेटी अमुक दुकानातून घ्यावी अशी यादी जेथे अजून लावली जात असेल, तेथे पालकांनी ती कशासाठी, एवढे नम्रपणे विचारावे.

पण जुनेपणाहून मोठा दोष परकेपणाचा आहे. बाजारात मिळणारी छापील प्रयोगपुस्तिका कोणत्याच एका प्रयोगशाळेसाठी लिहिलेली नसते. तिच्यात टँजंट गॅल्व्हानोमीटरची सुबक आकृती असते, आणि मेजावर असतो डिजिटल मल्टिमीटर. तिच्यात सोडियम दिव्याच्या वर्णपटमापीचे वाचन अर्ध्या अंशाच्या मुख्य मापनपट्टीवर धरलेले असते, आणि समोरच्या उपकरणाची पट्टी वीस मिनिटांची निघते, म्हणजे व्हर्नियरचा लघुतम माप काढण्याचा सारा तपशीलच बदलतो. विद्यार्थी काय करतो? तो पुस्तिकेतली आकृती जर्नलात उतरवतो, मागल्या बॅचच्या जर्नलातील निरीक्षणे शेवटच्या अंकात थोडा फरक करून लिहितो, आणि सत्राच्या अखेरीस जर्नल सर्टिफाय करून घेतो. पुस्तिकेवर, जर्नलवर आणि झेरॉक्सवर तीन ठिकाणी पैसे गेले, आणि मेजावरचे उपकरण कोणी वाचलेच नाही. या व्यवहारात विद्यार्थ्याला दोष देणे सोपे आहे. पण जी पुस्तिका त्याच्या हातातल्या उपकरणाविषयी बोलतच नाही, तिच्याशी प्रामाणिक राहावे तरी कसे?

प्रयोगपुस्तिका ज्या त्या विभागाने स्वतः तयार केली पाहिजे, याविषयी मला शंका उरलेली नाही. एका सत्राला दहाबारा प्रयोग, प्रत्येकाला दोन ते तीन पाने, म्हणजे पुरती वही तीस-पस्तीस पानांची होते, आणि झेरॉक्सच्या दरानेही तिचा खर्च एका दोसा-कॉफीच्या बिलात बसतो. पुण्याच्या विद्यापीठात संगणकशास्त्राच्या अभ्यासमंडळाने प्रात्यक्षिकांच्या कार्यपुस्तिका अशाच तयार केल्या आणि त्यांच्या संगणकीय प्रती विद्यार्थ्यांच्या हाती मोकळ्या फिरतात. भौतिकी आणि रसायनाला हे का साधू नये, याचे समाधानकारक उत्तर मला कोठे मिळालेले नाही. जर्नलाबाबतही तेच. संस्थेचे बोधचिन्ह छापलेले जर्नल आवारातील भांडारातूनच घ्यावे, असा जो अलिखित दस्तुर अनेक ठिकाणी आहे, त्याला शैक्षणिक आधार कोणताही नाही. साध्या वहीत नोंदवलेली निरीक्षणे कमी खरी ठरत नाहीत. सरकारने या बाबतीत आपला वाटा उचलला आहे. छापील पुस्तकांवर वस्तू व सेवा कर आधीपासून नव्हताच. आलेखवह्या आणि प्रयोगशाळेच्या वह्या यांवर मात्र १२ टक्के आकारला जाई, तो २२ सप्टेंबर २०२५पासून शून्यावर आला. ही सवलत भांडारातील छापील किमतीपर्यंत उतरली की नाही, हे विद्यार्थी-प्रतिनिधींनी पाहावे.

विनामूल्य साहित्याविषयी थोडक्यात. टेक्ससच्या राइस विद्यापीठाचा ओपनस्टॅक्स हा उपक्रम २०१२पासून महाविद्यालयीन पाठ्यपुस्तके खुल्या परवान्याने देत आला आहे, म्हणजे ती उतरवून घेता, छापता आणि बहुतेकांची प्रकरणे वेगळी काढून वाटताही येतात. जॉन मॅकमरी यांचे कार्बनी रसायन हे जगभर खपणारे महाग पुस्तक. त्याची दहावी आवृत्ती लेखकाने आपल्या दिवंगत मुलाच्या, पीटरच्या, स्मरणार्थ २०२३ साली याच उपक्रमाद्वारे सर्वांसाठी मोकळी केली. फाइनमन यांची भौतिकीवरील व्याख्याने कॅल्टेकने महाजालावर वाचनासाठी खुली ठेवली आहेत. आपल्याकडे २००३पासूनची एनपीटीईएल व्याख्यानमाला, खरगपूरच्या आय. आय. टी.ने उभारलेले राष्ट्रीय अंकीय ग्रंथालय आणि महाविद्यालयांना ई-पुस्तके पुरवणारी इन्फ्लिबनेटची एन-लिस्ट योजना आहे. या शेवटच्या योजनेत नाव असलेल्या महाविद्यालयांतही विद्यार्थ्याला परवलीचा शब्द मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मागावा हे त्याला कोणी सांगत नाही. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या सहा हजार कोटींच्या योजनेचा गाजावाजा झाला, पण ती संशोधन-नियतकालिकांसाठी आहे. पदवीच्या पाठ्यपुस्तकाचा खर्च तिने हलका होणार नाही. व्हर्च्युअल लॅब्ज या शासकीय प्रकल्पातील आभासी प्रयोग प्रात्यक्षिकाच्या आदल्या रात्री पाहण्यास उत्तम. प्रयोगशाळेऐवजी ते दाखवून मोकळे होणाऱ्यांनी त्याला काटकसर म्हणू नये.

राहता राहिले महाविद्यालयाचे ग्रंथालय आणि त्यातील बुक बँक. अनामत घ्यावी, सत्रभरासाठी संच द्यावा, सत्रान्ती पुस्तके परत घेऊन अनामत फेडावी, ही साधी व्यवस्था अनेक महाविद्यालयांत कागदोपत्री आहे. परंतु संच अपुरे, अर्जाची मुदत प्रवेशाच्या गर्दीत संपून जाते, आणि खरेदीची रक्कम मार्चअखेरीस घाईने खर्ची टाकायची म्हणून शंभर शीर्षकांच्या एकेक प्रती येतात, जेथे दहा शीर्षकांच्या दहा-दहा प्रती हव्या होत्या. विद्यार्थ्याने स्वतः कितीही घासाघीस केली तरी त्याची बचत शेकड्यांत राहील; ग्रंथपालाने खरेदीची यादी विभागाला विचारून केली आणि विभागाने आपली प्रयोगपुस्तिका लिहिली, तर संपूर्ण वर्गाचा खर्च निम्म्याने उतरू शकेल.

म्हणून विभागप्रमुखांना एवढीच विनंती, की मे महिन्याच्या सुटीपूर्वी एक कागद फलकावर लावावा: कोणत्या ग्रंथाची कोणती जुनी आवृत्ती चालेल, कोणते पुस्तक विकत न घेता ग्रंथालयात वाचावे, आणि विभागाची प्रयोगपुस्तिका कोणत्या तारखेस मिळेल. तो कागद लागेपर्यंत पालकांनीही दुकानाची पायरी चढू नये.